गृहशोभनातील गडद रंगयोजना

वास्तूच्या अंतर्भागातील भिंती, छत, जमीन, लाकूडकाम व पडदे-गालिचे यांसाठी अल्प प्रकाश परावर्तित करणाऱ्या रंगांची हेतुपुरस्सर केलेली निवड म्हणजे गडद रंगयोजना होय. काळपट तांबडा, डाळिंबी, गर्द निळा, मोरपंखी, गडद हिरवा, जांभळा, तपकिरी, कोळशी करडा व काळा हे या योजनेतील नेहमीचे रंग होत. खोलीला ऊब, निवांतपणा, गांभीर्य किंवा भारदस्तपणा यावा, हा या योजनेमागील प्रधान हेतू असतो. गडद रंग आणि अंधार या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव. गडद रंग म्हणजे उपलब्ध प्रकाशावर घातलेले नियंत्रण. जेथे प्रकाश हवा तेव्हा व हवा त्या ठिकाणी आणता येतो, तेथेच गडद रंग सुखद ठरतो. जेथे तो मुळातच अपुरा असतो, तेथे असा रंग रहिवाशाच्या दृष्टीवर व वीजखर्चावर भार टाकतो. गडद रंगयोजनेचा इतिहास व तिचे तंत्र या दोहोंतही हा भेद मध्यवर्ती आहे.

गडद रंगाचे स्वरूप : कोणत्याही रंगाचे वर्णन छटा (तांबडी, निळी इ.), उज्ज्वलता व संपृक्तता या तीन गुणांनी करता येते. अमेरिकन चित्रकार व कलाशिक्षक ॲल्बर्ट मन्सेल (१८५८–१९१८) यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत उज्ज्वलतेसाठी ० (काळा) ते १० (पांढरा) अशी श्रेणी मांडलेली आहे. या श्रेणीतील पाचवी पायरी डोळ्याला काळ्या-पांढऱ्याच्या नेमकी मध्यावर वाटते. परंतु तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी केवळ सुमारे २०% प्रकाश ती परत पाठविते. चौथ्या पायरीचे परावर्तन सुमारे १२%, तर तिसरीचे सुमारे ६.५% भरते. पांढरा रंग दिलेल्या भिंतीचे परावर्तन ८०% च्या आसपास असते. यावरून असे दिसते, की डोळ्याला किंचितच अधिक गडद वाटणारा रंग प्रत्यक्षात प्रकाश फार मोठ्या प्रमाणात शोषून घेतो. रंगपत्रिकेवरील लहानशा तुकड्यावरून निवडलेला रंग चारही भिंतींवर चढल्यावर अपेक्षेपेक्षा गर्द वाटतो, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

गडदपणा हा छटेपासून स्वतंत्र असा गुण आहे. तांबडा, नारिंगी व पिवळा यांना उष्ण रंग आणि निळा, हिरवा यांना शीत रंग म्हणण्याचा प्रघात असला, तरी गडद निळा रंगही योग्य प्रकाशात उबदार भासू शकतो आणि गडद तांबडा अयोग्य प्रकाशात मलूल दिसतो. एखादा रंग केवळ काळा मिसळून गडद केल्यास त्याची छटाही बदलते; उदा., पिवळ्यात काळा मिसळल्यास तो हिरवट होतो. त्यामुळे कुशल रंगारी काळ्याऐवजी तपकिरी किंवा मूळ रंगाच्या विरोधी छटेचे रंगद्रव्य थोड्या प्रमाणात घालून गडदपणा आणतात.

प्रकाश व गडद पृष्ठभाग : खोलीत दिव्यापासून किंवा खिडकीतून आलेला प्रकाश एकदाच पडून थांबत नाही; भिंती, छत व जमीन यांच्यावरून तो पुनःपुन्हा परावर्तित होतो. बंदिस्त खोलीच्या सर्व पृष्ठभागांचे सरासरी परावर्तन ७०% असल्यास या परस्पर परावर्तनामुळे पृष्ठभागांवरील एकूण प्रकाश मूळ प्रकाशाच्या सु. ३.३ पट होतो. हेच परावर्तन २०% असल्यास तो केवळ १.२५ पट होतो. म्हणजेच पांढरी खोली सर्वत्र गडद केल्यास पूर्वीइतका सर्वसाधारण उजेड मिळविण्यासाठी अडीच पटींहून अधिक प्रकाश लागतो. तथापि पुस्तकावर, जेवणाच्या पाटावर किंवा शिवणयंत्रावर थेट पडणाऱ्या दिव्याचा प्रकाश भिंतीच्या रंगावर फारसा अवलंबून नसतो. म्हणून गडद खोलीत छताच्या मध्यभागी एकच प्रखर दिवा लावण्यापेक्षा कामाच्या व बैठकीच्या जागी निरनिराळे लहान दिवे योजणे अधिक परिणामकारक ठरते. अशा दिव्यांमुळे प्रकाशाची बेटे निर्माण होतात, त्यांच्या कडेने खोलीच्या सीमा पुसट होतात व बसलेल्या माणसांभोवती एक प्रकारची जवळीक निर्माण होते. गडद खोलीचा ‘भाव’ म्हणतात, तो बहुतांशी या प्रकाशरचनेतून येतो.

प्रकाशाचा वर्णही तितकाच महत्त्वाचा आहे. मेणबत्तीच्या प्रकाशाचे वर्ण-तापमान सुमारे १,९०० केल्विन, तारेच्या विजेच्या दिव्याचे सुमारे २,७०० केल्विन, तर भारतात सर्वत्र रूढ झालेल्या शुभ्र नळदिव्यांचे सुमारे ६,५०० केल्विन असते. आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर असतो. डाळिंबी, विटकरी वा तपकिरी पृष्ठभाग मुख्यतः तांबडा-पिवळा प्रकाश परत पाठवितात. निळसर प्रकाशात हा अंश कमी असल्याने ते रंग मातकट दिसतात. सध्याच्या प्रकाश-उत्सर्जक डायोड म्हणजे एलईडी दिव्यांत २,७०० ते ३,००० केल्विनचे प्रकारही मिळतात व उष्ण छटांच्या गडद खोल्यांना तेच अनुकूल ठरतात.

चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये (१७८७–१८६९) यांनी १८२५ मध्ये नोंदविलेला दृक्‌परिणामही येथे विचारात घ्यावा लागतो. भरपूर उजेडात मानवी डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पिवळट हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनक्षम असतो. अतिमंद उजेडात हा बिंदू सुमारे ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर बाजूस सरकतो. त्यामुळे संध्याकाळी दिवे लावण्यापूर्वी तांबडी भिंत लवकर काळी पडते, तर निळी वा हिरवी भिंत तिच्या मानाने अधिक काळ उजळ राहते. सायंकाळी मंद दिव्यात वापरावयाच्या खोलीसाठी रंग दुपारच्या उन्हात निवडल्यास फसगत होते, ती यामुळे.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल शेव्हरल (१७८६–१८८९) हे पॅरिस येथील गोबलँ चित्रजवनिका कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते. तेथील काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही, अशी तक्रार आली असता दोष रंगाचा नसून शेजारच्या छटांचा आहे, असे त्यांना आढळले. लगतचे रंग परस्परांवर परिणाम करतात, हे तत्त्व त्यांनी १८३९ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. गडद भिंतीवर पांढरी चौकट किंवा शुभ्र विजेची बटणपट्टी डोळ्यांत खुपते. पितळ, सोनेरी मुलामा, जुना कागद, मध्यम रंगाचे लाकूड मात्र उठून दिसते. हा याच तत्त्वाचा प्रत्यय होय.

ऊब : प्रत्यक्ष व भासमान : गडद रंगामुळे खोली गरम होते, ही समजूत बऱ्याच अंशी चुकीची आहे. उन्हात तापणारे छत किंवा बाहेरची भिंत गडद असल्यास ती अधिक उष्णता शोषते, हे खरे. परंतु आतील भिंतीवर थेट ऊन पडत नसेल, तर तिच्या रंगाचा खोलीच्या तापमानावर उल्लेखनीय परिणाम होत नाही. सामान्य तापमानाची भिंत जी उष्णता उत्सर्जित करते, ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रारणाच्या रूपात असते. आणि या प्रारणाच्या बाबतीत पांढरा व काळा असे दोन्ही साधे भिंतीचे रंग जवळजवळ सारखेच वागतात. रंग पाहून माणसाला प्रत्यक्ष तापमान निराळे वाटते काय, हे तपासणाऱ्या प्रयोगांतही परिणाम अल्प व परस्परविसंगत आढळले आहेत. ‘ऊब’ हा शब्द येथे मुख्यत्वे मनोभावाचा निदर्शक आहे. अग्नी, निखारे, भाजलेली वीट, पिकले फळ यांच्याशी जडलेले साहचर्य त्यामागे असावे. जर्मन कवी गटे (१७४९–१८३२) यांनी १८१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंगविषयक ग्रंथात पिवळा व तांबूस पिवळा या रंगांना ‘धन’, तर निळ्याला ‘ऋण’ बाजूस ठेवून रंगांच्या भावनिक परिणामांची चर्चा केली आहे.

भिंतीवरील वस्त्रावरणांची गोष्ट वेगळी आहे. जाड लोकरी जवनिका, चामडे किंवा लाकडी तक्तपोशी दगडी भिंतीवर लावली म्हणजे आतील पृष्ठभाग कमी थंड राहतो व शरीरातून भिंतीकडे जाणारी उष्णता घटते. उत्तर यूरोपातील गडद दालनांची ऊब काही अंशी अशी प्रत्यक्ष होती. रंगाचा गडदपणा व आवरणाचे उष्णतारोधन हे दोन गुण तेथे एकत्र आल्याने एकाचे श्रेय दुसऱ्याला मिळाले.

ऐतिहासिक आढावा : रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रूव्हिअस यांनी इ. स. पू. पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथाच्या सातव्या भागात हिवाळी भोजनगृहाविषयी सूचना केल्या आहेत. अग्नीचा धूर व दिव्यांची काजळी यांमुळे तेथील नाजूक चित्रकाम खराब होते; म्हणून भिंतीवर घोटून चकाकी आणलेले काळे फलक बसवावेत व त्यांच्यामध्ये पिवळी काव किंवा हिंगूळ यांच्या पट्ट्या द्याव्यात, असे ते सांगतात. अशा दालनासाठी ग्रीकांची काळी जमीनही त्यांनी वर्णिली आहे. कोळसा ठासून, त्यावर वाळू, चुना व राख यांचे मिश्रण घालून ती घोटीत. सांडलेले मद्य तीत तत्काळ जिरे व अनवाणी वावरणाऱ्या सेवकांना ती थंड लागत नसे. गडद रंगामागे शोभेइतकेच सोय व देखभाल हेही हेतू प्राचीन काळापासून होते, याचा हा स्पष्ट पुरावा होय. हिंगूळ उन्हात काळवंडतो, म्हणून त्यावर मेणाचा थर देण्याची कृतीही त्याच ग्रंथात आढळते.

इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील व परिसरातील घरांत तांबड्या व काळ्या भिंतींची दालने मोठ्या संख्येने मिळाली आहेत. तेथे २०२४ मध्ये प्रकाशात आलेल्या एका मोठ्या भोजनगृहाच्या भिंती काळ्या असून त्यांवर ट्रॉयच्या युद्धकथेतील पात्रे रंगविलेली आहेत. तेलदिव्यांची काजळी दिसू नये म्हणून या भिंती काळ्या ठेवल्या असाव्यात, असे उत्खननकर्त्यांनी म्हटले आहे. दिव्यांच्या हलत्या ज्योतींत काळ्या पार्श्वभूमीवरील आकृती सजीव भासत असाव्यात, असाही तर्क केला गेला आहे.

मध्ययुगीन व त्यानंतरच्या यूरोपात ओक लाकडाची तक्तपोशी, विणलेल्या जवनिका आणि सोनेरी ठशांचे चामडे यांनी श्रीमंतांची दालने सजविली जात. अठराव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिनमध्ये प्रशियन निळा हा कृत्रिम रंग तयार झाला आणि महाग लाजवर्दाच्या भुकटीवाचून गर्द निळी भिंत रंगविणे शक्य झाले. इंग्रज वास्तुविशारद सर जॉन सोन (१७५३–१८३७) यांनी लंडनमधील आपल्या घरातील ग्रंथालय व भोजनगृहाच्या जोडदालनास पाँपेई पद्धतीचा गडद तांबडा रंग देऊन ठिकठिकाणी आरसे बसविले. हे घर आज संग्रहालय आहे. मर्यादित जागा व मंद उजेड असतानाही आरशांच्या साहाय्याने गडद खोलीला खोली व चमक कशी देता येते, हे तेथे पाहावयास मिळते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये गडद रंगयोजना सर्वसामान्य मध्यमवर्गापर्यंत पोहोचली. कोळशाच्या शेगड्या व वायुदीप यांच्या काजळीने फिक्या भिंती लवकर मळत, तर १८५६ नंतर उपलब्ध झालेल्या कृत्रिम रंगांनी गर्द रंगांची कापडे स्वस्त केली. या काळातील विख्यात उदाहरण म्हणजे अमेरिकन चित्रकार जेम्स व्हिस्लर (१८३४–१९०३) यांनी १८७६–७७ मध्ये रंगविलेले ‘मयूर दालन’ होय. लंडनमधील जहाज-व्यावसायिक फ्रेडरिक लेलंड यांच्या भोजनगृहातील चिनी पोर्सिलीनची भांडी मांडण्यासाठी टॉमस जेकिल यांनी लाकडी फडताळांची रचना केली होती. व्हिस्लर यांनी भिंतींवरील चामड्यास निळसर हिरवा रंग देऊन त्यावर सोनेरी मोर चितारले. या कामामुळे व त्याच्या मोबदल्यावरून लेलंड यांच्याशी त्यांचे कायमचे बिनसले. १९०४ मध्ये चार्ल्स फ्रीअर यांनी हे संपूर्ण दालन विकत घेतले व ते वॉशिंग्टन येथील फ्रीअर कलावीथीत जतन केलेले आहे.

या लोकप्रियतेची एक काळी बाजूही होती. १७७५ मध्ये शोधलेला शेले हिरवा व १८१४ च्या सुमाराचा श्वाइनफुर्ट हिरवा हे दोन्ही रंग तांबे व आर्सेनिक यांची संयुगे होती आणि भिंतीच्या कागदांत त्यांचा सर्रास वापर होई. दमट भिंतींवर असे कागद आरोग्यास अपायकारक ठरल्याच्या तक्रारी वाढल्या व शतकाच्या अखेरीस ते मागे पडले. त्यानंतर विजेचे दिवे, क्षयरोगाविषयीची भीती आणि स्वच्छतेचा आग्रह यांमुळे फिक्या भिंतींचे युग आले. फ्रेंच-स्विस वास्तुविशारद ल कॉर्ब्यूझ्ये (१८८७–१९६५) यांनी १९२५ मध्ये पडदे व नक्षीदार कागद काढून प्रत्येकाने भिंतींवर शुभ्र रंगाचा हात द्यावा, असा पुरस्कार केला. मात्र त्यांच्याच त्या काळातील घरांत काही भिंती गडद तपकिरी, करड्या व निळ्या आहेत.

ऑस्ट्रियन वास्तुविशारद आडोल्फ लोस (१८७०–१९३३) यांनी १९०८ मध्ये व्हिएन्नात उभारलेले ‘अमेरिकन बार’ हे मद्यगृह लहान जागेतील गडद सजावटीचा आदर्श मानले जाते. त्याचे क्षेत्रफळ तीस चौ. मी.पेक्षाही कमी आहे. डोळ्यांच्या पातळीपर्यंत गडद महोगनी लाकूड आणि त्यावर छतापर्यंत आरसे अशी त्याची रचना आहे. बसलेल्या माणसाला स्वतःचे प्रतिबिंब दिसत नाही. छताचे चौकोन मात्र आरशांत दूरवर पसरलेले दिसतात व खोली तिच्या आकारापेक्षा कितीतरी मोठी भासते. जपानी लेखक तानिझाकी जुन-इचिरो (१८८६–१९६५) यांनी १९३३ मध्ये लिहिण्यास आरंभ केलेल्या छायेवरील निबंधात पारंपरिक जपानी घरातील मंद उजेड, लाखेची काळी भांडी व सोनेरी नक्षी यांचा परस्परसंबंध उलगडून दाखविला आहे. प्रखर विजेच्या प्रकाशात भडक वाटणारे सोने मंद ज्योतीत गंभीर व सुंदर दिसते, हे त्यांचे निरीक्षण गडद सजावटीच्या तंत्रालाही लागू पडते.

भारतीय परंपरा : नाट्यशास्त्रात रसांना वर्ण नेमून दिलेले आहेत. त्यांत शृंगाराचा वर्ण श्याम, रौद्राचा रक्त व भयानकाचा कृष्ण सांगितला आहे. गडद वर्ण केवळ शोक वा भय यांचा सूचक न मानता प्रीतीशीही जोडणारी ही दृष्टी लक्षणीय आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत बाहेरचा प्रकाश जेमतेम शिरतो. तेथील गेरू, पिवळी काव, हिरवी माती, काजळ व लाजवर्दाची भुकटी यांनी रंगविलेल्या चित्रांत काळपट पार्श्वभूमीतून उजळ आकृती पुढे येतात. मंदिराच्या गर्भगृहात काळ्या दगडाच्या भिंती व समईची ज्योत यांतून हाच परिणाम साधतो.

महाराष्ट्रातील वाड्यांच्या आतील गडदपणा रंगलेपातून आलेला नसून लाकूड व दगड यांतून आलेला आहे. याचे कारण तांत्रिक आहे. भिंतींना दिला जाणारा चुना स्वतः शुभ्र असल्याने त्यात कोणताही रंग मिसळला, तरी तो फिकाच राहतो. शिवाय चुन्याच्या क्षारधर्मामुळे प्रशियन निळ्यासारखे रंग टिकत नाहीत. त्यामुळे गडद अंश आला तो सागवानी खांब, तुळया, कडीपाटाचे छत आणि दारे यांच्याकडे. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास पुण्यात बांधलेल्या विश्रामबागवाड्याचे कोरीव लाकूडकाम याचे उत्तम उदाहरण होय. तेलपाण्याने व धुराने काळवंडलेले लाकूड, शेजारी चुन्याची भिंत, कोनाड्यात पणती व वर टांगलेली हंडी अशी ही रचना असे. येथे गडदपणाचे काम ऊब देण्याचे नव्हते. मध्यान्हीच्या उन्हात बाहेरचा उजेड एक लाख लक्सपर्यंत जातो. त्यातून ओसरी ओलांडून माजघरात येणाऱ्याच्या डोळ्यांना विसावा मिळे व तोच गारवा वाटे. तमिळनाडूमधील पद्मनाभपुरम् राजवाड्याच्या आरशासारख्या घोटलेल्या काळ्या जमिनी आणि जाळीदार लाकडी भिंती यांचाही परिणाम असाच आहे. थंड प्रदेशात जो गडदपणा ऊब सुचवितो, तोच उष्ण प्रदेशात शीतलता सुचवितो. अर्थ रंगात नसून बाहेरच्या हवेशी असलेल्या विरोधात आहे.

या परंपरेचे मूल्यमापन करताना तिची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. दिवाणखान्यातील गडदपणा ही यजमानाची निवड होती. तेथे झरोके, झुंबरे व आरसे होते. माजघर, धुराने भरलेले स्वयंपाकघर व बंद ठेवलेली बाळंतिणीची खोली येथील काळोख मात्र स्त्रियांच्या वाट्याला आला, तो निवडीविना. पुढे औद्योगिक शहरांतील चाळींच्या एका खिडकीच्या खोल्यांत हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहिला. विसाव्या शतकात पांढरी भिंत, मोठी खिडकी व नळदिवा यांचे जे स्वागत झाले, ते केवळ अनुकरण नव्हते. उजेडाची ती रास्त मागणी होती. गडद रंगयोजनेचा आज पुन्हा विचार करताना ही मागणी आधी पूर्ण झालेली असणे आवश्यक आहे.

योजनेची तत्त्वे : (१) खोलीची निवड : ज्या खोल्या मुख्यतः सायंकाळी किंवा अल्पकाळ वापरल्या जातात, अशा बैठकीची खोली, भोजनगृह, शयनगृह, ग्रंथालय, प्रवेशमार्ग यांस गडद रंग मानवतो. स्वयंपाकघर, मुलांच्या अभ्यासाची जागा व जिना येथे तो टाळणे इष्ट. एकच खोली दिवसभर सर्व कामांसाठी वापरली जात असल्यास खिडकीची व तिच्या बाजूच्या भिंती फिक्या ठेवून केवळ एक भिंत गडद करावी. बाजूच्या भिंती खिडकीतून आलेला उजेड आत पोहोचवितात. खिडकी असलेली भिंत गडद केल्यास मात्र उजळ खिडकी व काळी भिंत यांतील तीव्र विरोध डोळ्यांना त्रासदायक होतो.

(२) लहान खोली : गडद रंगाने खोली लहान दिसते, हा सर्वसाधारण नियम एकसारख्या उजेडात बऱ्याच अंशी खरा आहे. फिके छत अधिक उंच भासते, हेही प्रयोगांत दिसून आले आहे. तथापि मंद व विखुरलेल्या दिव्यांत गडद भिंतींचे कोपरे दिसेनासे होऊन सीमांचे भान कमी होते. यासाठी भिंत, दरवाजाची चौकट व कपाटे यांस एकच रंग देऊन तुकडे पाडणाऱ्या रेषा टाळतात आणि आरसा किंवा पितळी वस्तू दिव्यासमोर ठेवतात.

(३) पृष्ठभाग : रंगाच्या वरच्या थरावरून पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ४% भाग आरशाप्रमाणे परत येतो. पांढऱ्या भिंतीच्या ८०% परावर्तनापुढे तो जाणवत नाही. पण ज्या भिंतीचे एकूण परावर्तनच ५% आहे, तेथे तो ठळक होतो. म्हणून गडद चकचकीत भिंतीवर गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा व दिव्याचे प्रतिबिंब दिसते. सामान्य गिलाव्यासाठी अचकाकी रंग बरा. मात्र त्यावर ओरखडे व हातांचे डाग लवकर उमटतात. लाकडासारख्या घोटलेल्या सपाट पृष्ठभागावर चकाकी शोभते. मखमल, हातमागाची जाड वस्त्रे, सतरंजी व वेत यांच्या पोतामुळे गडद रंगाचा एकसुरीपणा मोडतो.

(४) हवामान : कोकणासारख्या दमट प्रदेशात भिंतीला लोणा लागला, की गडद रंगावर पांढरे डाग उठून दिसतात, बुरशी व धूळही लपत नाही. ओल आधी दूर करून गिलावा पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा. अनेक संपृक्त तांबड्या व पिवळ्या रंगांची झाकणशक्ती कमी असल्याने त्यांखाली करड्या रंगाचा अस्तर-हात देतात व वर दोन किंवा अधिक हात चढवितात.

(५) सुरक्षितता : वाढत्या वयाबरोबर बाहुली आकसते व नेत्रभिंग पिवळट होते. परिणामी साठीच्या व्यक्तीच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील व्यक्तीच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश प्रकाशच पोहोचतो आणि गर्द निळा व काळा यांतील भेदही तिला नीट कळत नाही. ज्या घरात वृद्ध राहतात, तेथे पायऱ्यांच्या कडा, उंबरे, बटणपट्ट्या व न्हाणीघराचे दार गडद पार्श्वभूमीपासून स्पष्टपणे वेगळ्या रंगाचे असावेत आणि वाचनाच्या जागी किमान ३०० लक्स उजेड मिळावा. जुने तैलरंग खरवडून नवा गडद रंग देताना विशेष दक्षता हवी. कारण पूर्वीच्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये करण्यात आले व २०१७ पासून ते अमलात आले. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये. तो ओला करून काढावा व लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

रंगाची निवड निश्चित करण्यापूर्वी निदान एक चौ. मी. आकाराचा फलक रंगवून तो खोलीच्या निरनिराळ्या भिंतींवर सकाळी, दुपारी व रात्री दिवे लावून पाहणे, ही सर्वांत खात्रीची पद्धत होय. तो पाहताना घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला तेथे बसून वाचता येते का, हेही तपासावे. या कसोटीला उतरलेली गडद खोली फिक्या खोलीइतकीच सोयीची असते आणि विसाव्याच्या वेळी तीहून अधिक सुखद ठरते.